मैलाचे दगड आणि आठशे मीटरची एक शर्यत



व्याख्यान सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून आम्ही बाहेरच्या दालनातले तक्ते वाचत उभे होतो. 'महिला क्रीडा : मैलाचे दगड' असं त्यांचं शीर्षक. मुलींनी मेहनतीनं केलेत, अक्षर सुरेख आहे, आणि आधीच कबूल करतो की त्यातलं एकही साल चुकलेलं नाही. १९००, पॅरिस : ऑलिम्पिकमध्ये स्त्रिया पहिल्यांदा, टेनिसमध्ये शार्लट कूपर विजेती. १९२८, ॲमस्टरडॅम : ॲथलेटिक्समध्ये स्त्रियांना प्रवेश. १९६०, रोम : स्त्रियांसाठी आठशे मीटर शर्यत सुरू. १९६७, बॉस्टन मॅरेथॉन. १९७३, बिली जीन किंग. १९८४, लॉस एंजेलिस, महिला मॅरेथॉन. २०००, सिडनी, कर्णम मल्लेश्वरी. २०२४, पॅरिस, स्त्री-पुरुषांना समान जागा. आणि शेवटी २०२५, नवी मुंबई, विश्वचषक. शेवटच्या तक्त्यापाशी गर्दी होती, ते साहजिकच आहे.

आम्ही थांबलो ते १९२८ आणि १९६० या दोन तक्त्यांच्या मध्ये. तिथे दोन वीतभर कोरी जागा आहे. शेजारी उभ्या असलेल्या मुलीला आम्ही विचारलं, इथे काय? ती म्हणाली, "सर, मध्ये काही घडलं नाही."

आज आम्ही त्या दोन वितांबद्दलच बोलणार आहोत. मुलीची चूक नाही, हे लगेच सांगून टाकतो. तक्ता नावाचा प्रकारच असा आहे. 'मैलाचा दगड' म्हटलं की रस्ता आधीपासून आहे हे आपण धरून चालतो. रस्ता सरळ, दगड ओळीनं लावलेले, पुढचा दगड म्हणजे मुक्कामाच्या जवळ. चालायचं तेवढं बाकी. कुणीतरी रात्रीतून रस्ता खणून ठेवला, बत्तीस वर्षं खणलेलाच ठेवला, आणि मग बुजवून त्यावर नवा दगड बसवला, असं सांगायची सोय या रूपकात नाही. त्या १९६० च्या तक्त्यावर एक शब्द राहिला आहे. 'आठशे मीटर शर्यत सुरू' असं लिहिलंय. तिथे 'पुन्हा सुरू' हवं. हा एक शब्द गाळला की सगळी हकिकतच बदलते.

ही हकिकत ॲमस्टरडॅमच्या थोडी आधी सुरू होते. ॲलिस मिलिया नावाच्या एक फ्रेंच बाई होत्या, स्वतः नौका वल्हवणाऱ्या. ऑलिम्पिकच्या चालकांनी स्त्रियांना ॲथलेटिक्समध्ये घ्यावं म्हणून त्यांनी खटपट केली. ऑलिम्पिकचे जनक कुबेर्तँ यांचं मत १९१२ सालीच छापून आलेलं होतं : स्त्रियांचे सामने अव्यवहार्य, नीरस, अशोभनीय आणि अनुचित. एवढी चार विशेषणं लावल्यावर चर्चेला काय उरतं? मिलियाबाईंनी चर्चा सोडली. १९२१ साली त्यांनी स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ काढला आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये स्वतंत्र सामने भरवले. नाव दिलं 'महिला ऑलिम्पिक'. सुमारे वीस हजार लोक पाहायला आले. त्या सामन्यांत हजार मीटरची शर्यत होती, आणि ती ल्युसी ब्रेआर या फ्रेंच मुलीनं जिंकली. हजार मीटर, बरं का! आठशेपेक्षा दोनशे जास्त, आणि तेही आठशेचा वाद सुरू होण्याच्या सहा वर्षं आधी. स्त्रीच्या देहाला हे झेपतं का, असं ज्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं, त्याला उत्तर १९२२ मध्येच मिळालं होतं.

ऑलिम्पिकवाल्यांना टोचलं ते 'ऑलिम्पिक' हे नाव. मग सौदा झाला. बाईंनी नाव सोडायचं, त्या बदल्यात खऱ्या ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना प्रवेश. बाईंची मागणी दहा प्रकारांची होती. नाव गेलं आणि मिळाले पाच : शंभर मीटर, आठशे मीटर, चार गुणिले शंभर रिले, उंच उडी आणि थाळीफेक. त्याच वर्षी पुरुषांसाठी बावीस प्रकार होते. ब्रिटिश मुलींनी तर या पाचावरूनच ॲथलेटिक्सवर बहिष्कार घातला. बाहेरच्या तक्त्यावर जो 'प्रवेश' आहे तो हा. तो कुणी दिला नव्हता. स्वतःचं नाव मोडून विकत घेतला होता.

आता शर्यतीकडे येऊ. २ ऑगस्ट १९२८. अंतिम फेरीत नऊ मुली. आदल्याच दिवशी त्या प्राथमिक फेरी धावलेल्या. जर्मनीच्या लीना राड्केनं २ मिनिटं १६.८ सेकंदांत शर्यत जिंकली, तो जागतिक विक्रम झाला. दुसरी जपानची किनुए हितोमी, तिसरी स्वीडनची इंगा गेंट्झेल. या दोघींची वेळही जुन्या विश्वविक्रमापेक्षा सरस होती. म्हणजे एका शर्यतीत तीन जणींनी जुना विक्रम मोडला. हितोमीची तर कथाच न्यारी. ती मुळात शंभर मीटरची धावपटू. शंभरमध्ये अंतिम फेरी हुकली, रिकाम्या हाती घरी कसं जायचं, म्हणून ती आठशेत उतरली आणि रुपेरी पदक घेऊन आली. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली जपानी स्त्री. कॅनडाच्या दोघी चौथ्या आणि पाचव्या आल्या. त्यांपैकी फॅनी रोझेनफेल्ड, जिला सगळे बॉबी म्हणत, ती आपल्या सतरा वर्षांच्या सहकारी मुलीला धीर देत तिच्या बाजूनं धावली आणि शेवटी तिच्या पुढे गेली नाही, असं सांगतात. खेळाडूपणाचा याहून चांगला दाखला कुठला शोधायचा?

दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं उघडली तर तिथे वेगळीच शर्यत. मुली कोसळल्या, तडफडल्या, पाहवेना, असा सूर. पुढे जॉन ट्यूनिस या अमेरिकन क्रीडालेखकानं जे वर्णन केलं त्याचा आशय असा की अकरा केविलवाण्या बायका धावत होत्या, पाच जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली आणि पाच जणी अंतिम रेषेपाशी येऊन कोसळल्या. बेरीज करून पाहा. अकरांतून दहा गेल्या, म्हणजे उभी राहिली एकटी.

आणि धावल्या होत्या नऊ. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पूर्ण केली. शर्यतीची चित्रफीत आहे, अधिकृत निकाल आहेत. रेषेपाशी पडलेली एक मुलगी चित्रफितीत दिसते, ती उठतेही. बाकी आठशे मीटर जीव तोडून धावल्यावर माणूस जसा धापा टाकतो, ओणवा होतो, हिरवळीवर बसतो, तसंच दिसतं. मीटर मोजलेले, सेकंद मोजलेले, धावणाऱ्या मुली तेवढ्या मोजल्या गेल्या नाहीत.

आमचा धंदा तर्कशास्त्राचा, म्हणून थोडं त्या बाजूनं बोलू द्या. आपल्याकडचे नैयायिक ज्ञानाची साधनं सांगताना प्रत्यक्ष आणि शब्द अशी वेगवेगळी प्रमाणं मानतात. शब्द प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा, म्हणजे त्यानं वस्तू जशी आहे तशी पाहिली असेल आणि तशीच सांगायची त्याची इच्छा असेल तेव्हा. ॲमस्टरडॅमला प्रत्यक्ष उपलब्ध होतं, चित्रफितीच्या रूपानं टिकलंही, पण निर्णय झाला तो शब्दावर. ज्यांचा शब्द घेतला गेला त्यांनी वस्तू पाहिली होती का, असं कुणी विचारलं नाही, कारण त्यांनी सांगितलेलं आधीच मनात असलेल्या गोष्टीशी जुळत होतं.

समजा, वर्तमानपत्रांचं सगळं खरं मानलं, पाच जणी खरोखर कोसळल्या. तरी त्यावरून काय सिद्ध होतं? अनुमान असं होतं : स्त्रिया ही शर्यत धावायला अयोग्य आहेत, हेतू काय, तर धावल्यावर त्या कोसळतात. या हेतूला आपल्याकडे सव्यभिचार म्हणतात. जिथे साध्य आहे तिथेही तो सापडतो आणि जिथे साध्य नाही तिथेही सापडतो, म्हणून तो काहीच सिद्ध करत नाही. पुरुष कोसळत नव्हते का? १९०८ साली लंडनला दोरांदो पिएत्री हा इटालियन मॅरेथॉनवीर मैदानात शिरला आणि शेवटच्या टप्प्यात पुन्हा पुन्हा पडला. अधिकाऱ्यांनी त्याला उठवून रेषेपार नेलं, म्हणून तो बाद झाला. राणी अलेक्झांड्रानं दुसऱ्या दिवशी त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चषक दिला. जगभर त्याचं नाव झालं. १९१२ साली स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रांसिस्को लाझारो मॅरेथॉन धावताना उन्हानं कोसळला आणि मरण पावला. पुरुषांची मॅरेथॉन बंद झाली नाही. कशी होणार? मॅरेथॉनची मूळ कथाच एका धावून धावून मेलेल्या पुरुषाची आहे! निरोप सांगितला आणि प्राण सोडला, म्हणून त्याच्या स्मरणार्थ शर्यत. पुरुष मेला तर शर्यत सुरू होते आणि बाई धाप लागून बसली तर शर्यत बंद होते.

ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिताना हीच पद्धत वापरली होती. स्त्रियांच्या नावावर जे दुर्गुण लावता ते पुरुषांत शोधून पाहिलेत का, असा त्यांचा खडा सवाल होता. हेतू दोन्ही पक्षांत आहे, हे दाखवून द्यायचं. न्यायशास्त्राचा एक शब्दही न वापरता बुलढाण्याची ही बाई ते करून गेली. त्यांच्या पुस्तकाचा खेळाशी संबंध नाही, पण हा विषय शिकवताना आम्हांला नेहमी त्याच आठवतात.

निकाल लागायचा तो लागला. आठशे मीटर गेली. पुढच्या ऑलिम्पिकपासून स्त्रियांसाठी दोनशे मीटरहून लांब वैयक्तिक शर्यतच राहिली नाही, ती थेट १९६० पर्यंत. मिलियाबाईंच्या महिला सामन्यांत १९३० ला प्रागमध्ये आणि १९३४ ला लंडनमध्ये मुली आठशे मीटर धावतच होत्या. कुणी मेलं नाही. तो पुरावाही कुणी पाहिला नाही. हितोमी मात्र लवकर गेली, २ ऑगस्ट १९३१ रोजी, न्यूमोनियानं, चोविसाव्या वर्षी. ॲमस्टरडॅमच्या त्या शर्यतीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती.

या बत्तीस वर्षांत आपलंही एक पान आहे. १९५२ चं हेलसिंकी म्हटलं की आपल्याला खाशाबा जाधव आठवतात, आठवायलाच हवेत. त्याच हेलसिंकीत वांद्र्याच्या मेरी डिसूझा शंभर आणि दोनशे मीटर धावल्या. त्या आणि बंगालच्या नीलिमा घोष या ऑलिम्पिक ॲथलेटिक्समध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. आपण लिहितो, 'मेरी डिसूझा यांनी दोनशे मीटरमध्ये भाग घेतला.' दोनशे मीटर हीच त्या वेळी स्त्रीला उपलब्ध असलेली सर्वांत लांब शर्यत होती, हे लिहीत नाही. त्याच मैदानावर एमिल झाटोपेकनं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. एकीकडे बेचाळीस किलोमीटर, दुसरीकडे दोनशे मीटर. मैदान एकच.

आता एक गोष्ट आमच्या पदरची. सांगावी की नाही याचा आम्ही बरीच वर्षं विचार केला. १९७८-७९ चं साल असेल. एका तालुक्याच्या गावी आम्ही नवे प्राध्यापक होतो, आणि नव्यांना जे गळ्यात घालतात ते जिमखाना समितीचं काम आमच्या गळ्यात आलं होतं. वार्षिक क्रीडास्पर्धांत मुलींची आठशे मीटर झाली. धुळीचं मैदान, चुन्याच्या रेघा, फेब्रुवारीचं ऊन. पहिली आलेली मुलगी रेषेपलीकडे जाऊन बसली आणि तिला उलटी झाली. आम्ही सगळे घाबरलो. बाई प्राध्यापिका धावल्या, रिक्षा मागवली, प्राचार्यांना निरोप गेला. त्याच दुपारी मुलांच्या पाच हजार मीटरमध्ये एक मुलगा शेवटच्या फेरीत चक्कर येऊन पडला. त्याच्या तोंडावर पाणी मारलं, ग्लुकोज पाजलं, तो उठून चालत चालत पोचला, आणि आम्ही सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याला जिद्दीचं खास बक्षीस द्यावं असंही कुणीतरी सुचवलं आणि दिलंही.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. 'विद्यार्थिनींच्या हिताच्या दृष्टीने' आठशे मीटर वगळून त्याऐवजी दोनशे मीटर ठेवण्याचा ठराव झाला. ठरावाची भाषा आमची होती. सहीही आमची.

ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. आत यायला लाजत होती. म्हणाली, "सर, मी ओकले म्हणून शर्यत बंद केली. पण मी पहिली आले होते."

आम्ही तिला काय सांगितलं ते नीट आठवत नाही. काहीतरी नियमाचं सांगितलं असणार. एवढं आठवतं की त्या सत्रात आम्ही वर्गात मिल शिकवत होतो. १८६९ च्या त्याच्या स्त्रियांच्या दास्यावरच्या ग्रंथात एक साधा युक्तिवाद आहे. स्त्रीला जे निसर्गतःच जमणार नाही त्याला बंदी घालायची गरजच काय? ती ते करणारच नाही. बंदी घालावी लागते याचा अर्थच असा की तिला ते जमतं. हा युक्तिवाद आम्ही फळ्यावर पायऱ्या मांडून समजावला होता आणि मुलांनी तो परीक्षेत चांगला लिहिलाही होता. ॲमस्टरडॅमची हकिकत आम्ही पुढे बऱ्याच वर्षांनी वाचली. वाचताना कान तापले.

म्हणून १९२८ च्या त्या अधिकाऱ्यांना खलनायक ठरवणं आम्हांला जमत नाही. त्यांतल्या बऱ्याच जणांना आपण मुलींची काळजी घेतो आहोत असं मनापासून वाटत असणार. काळजीला पुरावा लागत नाही, हीच तिची अडचण. द्वेष करणाऱ्याला निदान विचारता येतं की बाबा रे, का? काळजी करणाऱ्याला विचारलं तर आपणच कृतघ्न ठरतो.

बॉस्टनच्या तक्त्याबद्दल थोडक्यात. १९६७, कॅथरिन स्वित्झर, पाठीवर-छातीवर २६१ क्रमांक, आणि तिला धावता धावता बाहेर ओढू पाहणारा अधिकारी. ते छायाचित्र तक्त्यावर आहे, जगातल्या प्रत्येक अशा तक्त्यावर असतं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६६ ला, बॉबी गिब झुडपात लपून राहिली आणि शर्यत सुटल्यावर घोळक्यात शिरून ३ तास २१ मिनिटांत ती मॅरेथॉन धावली. १९६७ लाही ती धावली आणि स्वित्झरच्या बरीच आधी पोचली. तिला क्रमांक नव्हता आणि तिला कुणी ओढलं नाही, म्हणून तसा फोटो नाही. फोटो नाही म्हणून दगड नाही. स्वित्झरचं धैर्य यानं कमी होत नाही. पण दगड कुठे बसवायचा हे कॅमेरा ठरवतो, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

आता १९८४ च्या तक्त्याकडे या. तिथे जोन बेनोइटचं नाव आहे, पहिली महिला ऑलिम्पिक मॅरेथॉन तिनं २ तास २४ मिनिटं ५२ सेकंदांत जिंकली. आम्हांला त्या शर्यतीतली सदतिसावी आलेली बाई जास्त महत्त्वाची वाटते. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस. उन्हाचा तडाखा बसलेला, अंग एका बाजूला वाकलेलं, एक हात लुळा, मैदानातली शेवटची फेरी पुरी करायला तिला पावणेसहा मिनिटं लागली. डॉक्टर बाजूनं चालत होते. तिला घाम येतो आहे, म्हणजे देह अजून उष्णतेशी झगडतो आहे, एवढं पाहून त्यांनी तिला जाऊ दिलं. हात लावला असता तर ती बाद झाली असती. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. रेषेवर ती कोसळली. दोन तासांत सावरली.

म्हणजे बघा, १९२८ मध्ये जे घडलं नव्हतं ते १९८४ मध्ये खरोखर घडलं, तेही साऱ्या जगानं दूरदर्शनवर पाहिलं. आणि महिला मॅरेथॉन बंद झाली नाही. छप्पन्न वर्षांत स्त्रीचा देह बदलला नाही. त्या देहाचं कोसळणं कसं वाचायचं ते बदललं. आम्ही जर तो तक्ता केला असता तर बेनोइटच्या शेजारी हिचं चित्र काढलं असतं, आणि ते १९०८ च्या पिएत्रीसमोर लावलं असतं.

त्याच लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा. सेकंदाच्या एक शतांशानं ब्राँझ हुकलं, ५५.४१ आणि ५५.४२, ही रुखरुख आमच्या पिढीनं आयुष्यभर जपली. पण स्त्रियांची चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिम्पिकमध्ये त्या वर्षी पहिल्यांदाच होत होती, हे त्या रुखरुखीत कधी शिरलं नाही. उषा चार वर्षं आधी कितीही तयार असती तरी धावायला शर्यतच नव्हती. त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री कोण? माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, २०१६, रिओ, तीन हजार मीटर स्टीपलचेस. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, राष्ट्रीय विक्रम, आणि अंतिम फेरीत दहावी. १९८४ ते २०१६, पुन्हा बत्तीस वर्षं, निव्वळ योगायोग. पण हा योगायोग नाही की स्टीपलचेस पुरुषांसाठी १९०० पासून ऑलिम्पिकमध्ये होती आणि स्त्रियांसाठी २००८ मध्ये आली. माणच्या दुष्काळी मातीत ललिताच्या आधी तशा दमाची मुलगी जन्मलीच नसेल असं कुणी म्हणू शकेल का? डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालणाऱ्या बायकांच्या त्या तालुक्यात?

इथपर्यंतचा प्रश्न होता, 'बाईला हे झेपेल का?' झेपतं हे दिसल्यावर दुसरा प्रश्न आला : 'ज्या बाईला इतकं झेपतं ती बाई आहे का?' त्याचे दगड मात्र कुठल्याच तक्त्यावर नाहीत. १९६६ च्या युरोपीय स्पर्धेत खेळाडू स्त्रियांना डॉक्टरांसमोर विवस्त्र उभं राहावं लागलं. १९६८ पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी आली आणि शतकाअखेरीपर्यंत चालली. स्पेनची अडथळा-धावपटू मारिया होसे मार्टिनेझ-पतिन्यो १९८५ साली त्या चाचणीत अडकली, सगळं गमावून बसली, आणि लढून १९८८ साली परत आली.

आणि पुन्हा आठशे मीटर. २००६, दोहा, आशियाई स्पर्धा. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातली शांती सौंदराजन, वीटभट्टीवर मजुरी करणाऱ्या घरातली मुलगी, आठशेत रौप्यपदक जिंकली. लिंगचाचणीच्या निकालावर ते काढून घेतलं गेलं, आणि तिच्या देहाची चर्चा देशभरच्या बातम्यांत झाली. पुढे काही काळ तिनं पुन्हा वीटभट्टीवर काम केलं. १९२८ च्या मुली दमल्या म्हणून आठशेतून गेल्या, शांती दमली नाही म्हणून गेली.

इथे आम्हांला सोपं बोलायचं नाही. धावण्यात अव्वल स्त्री आणि अव्वल पुरुष यांत साधारण दहा टक्क्यांचं अंतर आहे. म्हणूनच स्त्रियांचा गट वेगळा ठेवावा लागतो, आणि वेगळा गट म्हटला की त्याची सीमा कुणीतरी आखावी लागते. त्या सीमेबाहेरच्या धावपटूमुळे जिची जागा जाते तीही कुणाची तरी मुलगी आहे, तिचीही मेहनत आहे. ही सीमा कुठे असावी याचं समाधानकारक उत्तर आमच्यापाशी नाही. पण सीमा आखणाऱ्यावर काय बंधन असावं, याचं एक उत्तर ओडिशाच्या द्युती चंदनं मिळवून दिलं. तिला २०१४ साली बाहेर ठेवलं, ती क्रीडा लवादाकडे गेली. जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियमच दोन वर्षांसाठी स्थगित केला. कारण काय, तर संप्रेरकामुळे नेमका किती फायदा होतो हे महासंघाला दाखवता आलं नाही. ज्याला बंदी घालायची आहे त्यानं पुरावा द्यावा. ॲमस्टरडॅमला हा प्रश्न विचारला असता तर बत्तीस वर्षं वाचली असती.

पुढे काय झालं? २०१८ मध्ये नवा नियम आला, चारशे मीटरपासून एक मैलापर्यंतच्या शर्यतींपुरता. द्युती शंभर-दोनशेची, ती सुटली. सापडली ती दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या, अंतर अर्थात आठशे मीटर. लवादानं २०१९ मध्ये बहुमतानं सांगितलं की नियम भेदभाव करणारा आहे, तरी आवश्यक आणि प्रमाणशीर आहे. २०२५ च्या सप्टेंबरपासून जागतिक ॲथलेटिक्समध्ये स्त्रीगटात धावायचं तर जनुकाची चाचणी द्यावीच लागते. चाचणी आता गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते, कपडे उतरवावे लागत नाहीत. एवढी सुधारणा खरी. पुरुषाला आपण पुरुष असल्याचं सिद्ध करावं लागत नाही, हेही खरंच.

शेवटच्या तक्त्याबद्दल बोललो नाही तर तुम्ही रागवाल. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आम्हीही जागलो, दक्षिण आफ्रिकेवर बावन्न धावांनी विजय, घरात नातीनं आरडाओरडा करून शेजाऱ्यांना उठवलं. आनंदच आहे. फक्त त्याच्या आधीच्या तक्त्यावर, २०२२ च्या, 'समान मानधन' असं ठळक लिहिलंय, तिथे एक टीप जोडायला सांगू. कसोटीला पंधरा लाख, एकदिवसीयला सहा, टी-ट्वेंटीला तीन, हे सामन्यागणिक आहे. सामने किती, हा पुढचा प्रश्न. नोव्हेंबर २०१४ ते जून २०२१ या काळात भारताच्या स्त्रिया एकही कसोटी खेळल्या नाहीत. दर सारखा झाला, पण गुणायचं कशानं? वर्षाच्या करारातलं अंतर तर वेगळंच.

तर मुलींनो, मागच्या रांगेत बसला आहात, तुमच्या तक्त्यांत दोन वीत जागा कोरी आहे. तिथे काय लावायचं ते तुम्ही ठरवा. १९६० च्या पुढे 'पुन्हा' हा शब्द तेवढा घाला. आणि मधल्या जागेत नावं लिहायची असतील तर आम्ही ती कागदावर उतरवून आणली आहेत, वाचून दाखवतो. लीना राड्के, किनुए हितोमी, इंगा गेंट्झेल, जीन थॉम्पसन, फॅनी रोझेनफेल्ड, फ्लॉरेन्स मॅकडॉनल्ड, मारी डोलिंगर, गेर्ट्रुडा किलोस, एल्फ्रीडे वेव्हर. नऊ होतात. मोजून घ्या.